दगडू आणि दया : एका जखमेचं वाचन

चिंचोटीत बोलायला आलो की तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो आणि त्याच्या आसऱ्याने राहणारे आदिवासी पाडे आठवतात. वंशभेदाने मनाला होणारी जखम हा आजचा विषय. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. वंश आणि जात एक नव्हेत, हे खरं. पण जखमेची जात सारखीच. आम्ही ती एका मराठी पुस्तकात पाहणार आहोत : दया पवारांचं 'बलुतं', १९७८.

या पुस्तकाबद्दल समीक्षेत काय म्हटलं गेलं? दाहक अनुभव, सामाजिक दस्तऐवज. आम्हीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या घराबद्दल बोलत होता, पण आमच्याकडे एकदाही बघितलं नाही." त्या रात्री आम्ही पुस्तक पुन्हा उघडलं.

तेव्हा दिसलं की पुस्तकाची खरी गोष्ट त्याच्या रचनेत आहे. इथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. माणूस एकच, पण त्याचे दोन तुकडे झालेत. एक गावकुसाबाहेरचा, दुसरा शिकलेला, शहरातला. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांविषयी हेच मांडलं होतं : माणूस स्वतःकडेही दुसऱ्याच्या तुच्छ नजरेने बघू लागतो. फरक एवढाच की कातडी लपत नाही, जात शहरात लपवता येते. मग कोणी सहज "आडनाव काय?" विचारलं तरी छातीत धस्स होतं. सतत सावध राहणं, स्वतःच्याच माणसांची लाज वाटणं, आणि त्या लाजेचीही लाज वाटणं. दस्तऐवज म्हणून वाचताना हे सगळं आमच्या हातून निसटलं.

मग बरं व्हायचं कसं? 'विसरा' म्हणणं हा उपाय नाही. 'बलुतं'मध्ये दया दगडूला हाकलत नाही, समोर बसवून ऐकतो. बरं होण्याची सुरुवात तिथे आहे. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आईचं बांबूचं विणकाम आणि लेकीचं लिहिणं यांचं नातं जुळतं. लाजेची वस्तू वारसा होते.

पण एकट्याने लिहून भागत नाही. मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन यांनी १९५६ मध्ये अल्जीरियातल्या इस्पितळाचा राजीनामा दिला. समाजच माणसाला वेडं करत असेल, तर फक्त रुग्णाला औषध देऊन काय होणार? त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. आम्ही तिच्याकडे सामूहिक उपचार म्हणूनही बघतो. दुसऱ्याने लादलेली ओळख माणसांनी मिळून खाली ठेवली.

राहतो प्रश्न आपला, ऐकणाऱ्यांचा. नुसती हळहळ हा उपचार नव्हे. हळहळणारा वरच बसलेला असतो. उद्या इथल्या शाळेत पाड्यावरचं पोर मागच्या बाकावर गप्प बसलं असेल, तर त्याला मंद ठरवण्याआधी थांबा. त्याच्यातला दगडू कुणीतरी ऐकेल का, याची ते वाट बघत असेल. आम्हाला हे कळायला निवृत्ती उजाडली. तुम्ही इतका उशीर करू नका.