न वाजलेल्या गाण्यांचा हिशेब

मंडळी, या मालिकेत आपण एरवी समोर असलेल्या कलाकृतींबद्दल बोलतो. आज जे समोर येत नाही, त्याबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. अमेरिकेतला एक जुना रॉक बँड, ग्रेटफुल डेड, आणि त्याच्या चाहत्यांमधला एक न संपणारा वाद: मंचावर क्वचितच वाजलेल्या गाण्यांची किंमत काय धरायची? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात का पडावं? तर मूल्य म्हणजे काय आणि ते असतं कुठे, वस्तूत की आपल्यात, हा आपला जुना प्रश्न या वादात अगदी घरच्या कपड्यांत उभा आहे. आणि हे लोक त्यावर आपल्या चर्चासत्रांपेक्षा जास्त जीव लावून भांडलेले आहेत, हेही कबूल केलं पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी. हा बँड १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला आणि ऑगस्ट १९९५मध्ये जेरी गार्सिया गेला तेव्हा संपला. तीस वर्षांत दोन हजारांहून जास्त कार्यक्रम. इतर बँड दौऱ्यावर निघताना गाण्यांची एक यादी पक्की करतात आणि गावोगाव तीच वाजवतात. यांनी तसं केलं नाही. काल वाजलेलं आज वाजेलच असं नाही, आणि आज काय वाजणार हे कित्येकदा मंचावर चढल्यावरच ठरायचं. त्यामुळे 'काय वाजलं' इतकीच 'काय वाजलं नाही' ही बातमी झाली. त्यात श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करायला बँडची ना नव्हती. १९८४च्या ऑक्टोबरपासून तर टेपवाल्यांना सभागृहात वेगळी जागाच मिळू लागली. टेपा हातोहात, पोस्टाने, देशभर फिरायच्या. विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची, हा संकेत. पुढे १९८७पासून 'डेडबेस' नावाचा ग्रंथ निघू लागला. कुठल्या तारखेला, कुठल्या गावी, कुठल्या क्रमाने काय वाजलं याच्या याद्याच याद्या. पंचांगच म्हणा ना. फार दिवस गायब असलेलं गाणं अचानक वाजलं की त्याला चाहते 'बस्टआउट' म्हणतात. कोंडलेलं काहीतरी दार फोडून बाहेर यावं, असा त्या शब्दाचा रोख आहे.

आता 'सेंट स्टीफन' हे गाणं घेऊ. १९६८-६९च्या काळात ते या बँडची जवळजवळ ओळख होतं. १९७१नंतर ते गेलं, १९७६ साली बदललेल्या चालीने परत आलं, १९७९च्या जानेवारीनंतर पुन्हा गेलं. आणि मग ११ ऑक्टोबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकदम सुरू झालं. त्या एका महिन्यात ते तीनदा वाजलं, शेवटचं ३१ तारखेला, आणि त्यानंतर बँड संपेपर्यंत पुन्हा कधीही नाही. बारा वर्षं चाहते वाट बघत राहिले.

न्यूयॉर्कच्या त्या रात्रीवरून दोन तट पडतात. एक म्हणतो, बँडच्या उत्तरकाळातला हा सर्वोच्च क्षण. दुसरा म्हणतो, नीट ऐका हो, वादन चाचपडत चाललंय, गाणं त्यांच्या हातात राहिलेलं नाही. आमच्या कानाला विचाराल तर दुसऱ्या गटाचं म्हणणं बरोबर आहे. पहिले सूर ओळखू येताच जी गर्जना उठते ती विलक्षण आहे, पण ती श्रोत्यांची आहे, वादकांची नव्हे. पहिला गट ज्याला 'वादन' म्हणतो ते खरं म्हणजे वाट पाहणं संपल्याचा आवाज आहे.

म्हणून पहिला गट मूर्ख ठरतो का? तसं नाही. त्यांनी उत्तर चुकीचं दिलेलं नाही, त्यांनी प्रश्नच वेगळा सोडवला आहे. त्या रात्री संगीत कसं झालं, हा एक प्रश्न. त्या रात्री काय झालं, हा दुसरा. एखाद्या घरात वीस वर्षांनी मुलगा परत येतो, तेव्हा त्या रात्रीच्या आमटीत मीठ किती होतं हे कुणी विचारत नाही. पण कुणी विचारलंच, तर आमटी खारट होती हेच खरं उत्तर आहे. घोटाळा होतो तो आमटीही उत्तम होती असा आग्रह धरला की.

आपल्याकडचा श्रोता इथे म्हणेल, हे आपल्या अनवट रागांसारखंच झालं. जयपूर-अत्रौली घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर अनवट राग गायचे आणि जाणकार त्यासाठी जीव टाकायचे. दिसायला सारखं आहे, आतून नाही. अनवट राग दुर्मिळ असतो, कारण तो मोजक्याच लोकांना येतो. ती विद्येची दुर्मिळता आहे. 'सेंट स्टीफन' ज्यांनी रचलं त्यांना ते येत होतं, हवं तर चार दिवसांत पुन्हा बसवता आलं असतं. ते त्यांना नको होतं. गार्सियाची त्या गाण्याबद्दल तक्रारच होती: त्याला जसं जायचं असतं तसंच जाऊ द्यावं लागतं, नाहीतर ते बसतच नाही, पोलिसासारखं डोक्यावर उभं राहतं. म्हणजे ही नकाराची दुर्मिळता. इथे वादाला धार येते, कारण प्रश्न आता गाण्याचा राहत नाही, हक्काचा होतो. आवडतं गाणं ऐकण्याचा श्रोत्याला काही हक्क आहे का?

आमचं मत असं, की हक्क नाही. तबकडी काढली म्हणजे वचन दिलं असं होत नाही. बीटल्सनी ऑगस्ट १९६६नंतर दौरे बंद केले. त्याच महिन्यात आलेल्या 'रिव्हॉल्व्हर'मधलं एकही गाणं त्यांनी मंचावर वाजवलं नाही, आणि त्यांनी शब्द मोडला असं कुणी म्हणत नाही. पण डेडची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. ज्या बँडने स्वतःच वर्षानुवर्षं 'आज काहीही वाजू शकतं' अशी सवय लावली, त्याच्यावर एक बारीकसं बंधन येतंच. गाणं देण्याचं नव्हे, ते मिळण्याची शक्यता जिवंत ठेवण्याचं. चाहते तिकीट काढतात ते त्या शक्यतेचं.

'डार्क स्टार'कडे याच नजरेने बघा. १९६८ साली ते छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी 'लाइव्ह/डेड'मध्ये तेच गाणं तेवीस मिनिटांचं झालं. शब्द थोडे, बाकी सगळा मोकळा प्रवास. १९७४पर्यंत ते वरचेवर वाजलं, नंतर जवळजवळ नाहीसं झालं. ३१ डिसेंबर १९७८च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड सभागृह कायमचं बंद होणार होतं. त्या रात्री चाहत्यांनी फलक लावला: या शहरात शेवटचं 'डार्क स्टार' झाल्याला १५३५ दिवस झाले. आम्ही हा आकडा तारखा मांडून तपासला, १८ ऑक्टोबर १९७४पासून तो अगदी बरोबर येतो. त्या रात्री गाणं वाजलं. पुढे पुन्हा लपंडाव. १९८४च्या जुलैनंतर पाच वर्षं काहीच नाही, आणि मग ९ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला, जिथे बँडने 'वॉरलॉक्स' हे आपलं मूळ नाव लावून कार्यक्रम केले होते, ते परत आलं.

पण परत आलं म्हणजे नक्की काय परत आलं? नेल्सन गुडमनचं 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' हे पुस्तक १९६८चंच, 'डार्क स्टार'च्या तबकडीच्या वर्षाचं. गुडमन म्हणतो, संगीतकृतीची ओळख तिच्या स्वरलिपीत असते. एक सूर चुकला तरी ते वादन, काटेकोरपणे पाहता, त्या कृतीचं वादन राहत नाही. गुडमनचा काटा इथे लावला तर 'डार्क स्टार' एकदाही वाजलेलं नाही असं म्हणावं लागेल, किंवा दरवेळी नवंच गाणं वाजलं असं. दोन्ही निष्कर्ष हास्यास्पद आहेत. हॅम्प्टनच्या श्रोत्यांनी दोन-तीन सुरांतच गाणं ओळखलं, आणि त्यांचं ओळखणं खरं होतं. गुडमनचा सिद्धांत कागदावर संगीत लिहिणाऱ्या परंपरेसाठी बेतलेला आहे. ख्यालाच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही हे सांगायची गरज नाही. बंदिशीच्या दोन ओळी तेवढ्या ठरलेल्या असतात, बाकीचं तिथल्या तिथे घडतं, तरी यमन तो यमनच.

मात्र यातून मोजदाद करणाऱ्यांची अडचण होते. 'सेंट स्टीफन' तीनदा वाजलं, हे वाक्य सरळ आहे, कारण ते गाणं बांधीव आहे. 'डार्क स्टार' इतके वेळा वाजलं, हे वाक्य तितकं सरळ नाही. कधी नुसती सुरुवातीची धून दुसऱ्या गाण्याच्या मधोमध डोकावून जाते. ती मोजायची की नाही? पहिलंच कडवं झालं आणि गाडी भलतीकडे वळली तर अर्धं मोजायचं का? यावर जे तावातावाने वाद होतात ते पोरखेळ वाटतात, पण कृतीची सीमा कुठे, हाच तो प्रश्न आहे.

आता दुर्मिळ म्हणजे किमती हे गृहीतच कच्चं आहे हे दाखवणारी एक जोडी. १९७४च्या जूनमध्ये आलेल्या 'फ्रॉम द मार्स हॉटेल' या तबकडीत फिल लेशने गायलेली दोन गाणी आहेत, दोन्ही लेश आणि कवी रॉबर्ट पीटरसन यांनी मिळून रचलेली. एक 'अनब्रोकन चेन', दुसरं 'प्राइड ऑफ कुकामोंगा'. वीस वर्षं दोन्ही मंचावर शून्य वेळा. आकड्यात समसमान. पण चाहत्यांनी धोशा लावला तो 'अनब्रोकन चेन'चा. दुसऱ्यासाठी कुणी फलक धरल्याचं आमच्या वाचनात नाही. मग १९ मार्च १९९५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रममध्ये 'अनब्रोकन चेन' पहिल्यांदा वाजलं. 'कुकामोंगा' ग्रेटफुल डेडने कधीच वाजवलं नाही. म्हणजे शून्य हा आकडा आपोआप ओढ निर्माण करत नाही. मुळात गाण्यात काही असावं लागतं, आणि त्यातलं काहीतरी तबकडीत अपुरं राहिलंय अशी रुखरुख लागावी लागते. 'अनब्रोकन चेन'च्या मधल्या वाद्यसंगीतात ती आहे. ते दार उघडून दाखवतं आणि मिटून घेतं. हा बँड मंचावर त्या दारातून आत गेला असता, हे प्रत्येक चाहत्याला ठाऊक होतं. दुर्मिळता असलेल्या गुणाला मोठं करून दाखवते, नसलेला आणू शकत नाही.

'दि इलेव्हन' या गाण्याबद्दल मात्र आमची थोडी घरची तक्रार आहे. नावाप्रमाणे ते अकरा मात्रांचं. ड्रमवादक मिकी हार्ट १९६७ साली बँडमध्ये आला आणि त्याच सुमारास तो उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याकडे ओढला गेला. ही मैत्री पुढे झाकीर हुसेनपर्यंत गेली, १९७६चा 'डिगा ऱ्हिदम बँड' त्यातूनच आला. आपल्या मुंबईच्या तबल्याचा हात असा त्या संगीताला लागला. 'दि इलेव्हन' १९७०मध्येच गेलं, आणि चाहते त्याच्यासाठी हळहळतात ते बहुधा 'सेंट स्टीफन'च्या पाठोपाठ यायचं म्हणून. गाणं म्हणून आम्ही त्याला वरचं मानतो. अकराच्या आवर्तनात दोन ड्रमवाले आणि लेशचा बेस एकमेकांना चकवतात आणि समेवर येऊन भेटतात, ते ऐकताना हा बँड पुढे कुठे जाऊ शकला असता असं वाटत राहतं.

शेवटी १९९५कडे येऊ. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. त्यातही 'अनब्रोकन चेन' होतं. महिन्याभराने गार्सिया गेला आणि सगळे आकडे गोठले. त्या दिवसापर्यंत 'सेंट स्टीफन तीनदा' याचा अर्थ होता 'आतापर्यंत तीनदा'. आता तो नुसता 'तीनदा' झाला. याद्या त्याच, पाठीमागची शक्यता गेली. वादाचा सूर तेव्हापासून बदलला, तो भविष्याचा होता तो वारशाचा झाला. 'मी तिथे होतो' म्हणणाऱ्याचं वजन वाढलं, टेप ऐकून बोलणाऱ्याचं कमी झालं. आम्हाला हे उलटं व्हायला हवं होतं असं वाटतं. जो तिथे होता त्याच्या कानात गर्जना आहे. टेप ऐकणाऱ्याला गर्जनेखालचं वादन ऐकण्याची निदान संधी आहे.

उरलेल्या सदस्यांचे पुढचे बँड 'सेंट स्टीफन' बिनदिक्कत वाजवू लागले. २०१५ साली झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमांतही ते होतं, आणि 'डेड अँड कंपनी'ने तर ते नेहमीचंच करून टाकलं. ज्याच्यासाठी बारा वर्षं उपास केला, ते आता रोजच्या ताटात. जुने चाहते ऐकतात, टाळ्याही वाजवतात, आणि बाहेर पडताना म्हणतात की हे काही खरं 'सेंट स्टीफन' नव्हे. का नव्हे, असं विचारलं तर काही जण गार्सियाच्या गिटारचं नाव घेतात, काही जण गती फार धिमी झाली म्हणतात. गतीचं म्हणणं तपासता येतं. १९६९ची आणि अलीकडची, दोन्ही ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. ती लागोपाठ ऐकून या, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.