अवतरणचिन्हांतील बोली : 'बनगरवाडी' आणि प्रमाण मराठीचे अध्यापन

नातेपुते हे माण तालुक्याला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यातील गाव. येथील विद्यार्थी 'म्या सांगितलं', 'पानी आलं न्हाय' अशी बोली घेऊन मराठीच्या वर्गात येतो. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवताना अध्यापकापुढे एक प्रश्न उभा राहतो. कादंबरीत जिचा आपण गौरव करतो, तीच बोली उत्तरपत्रिकेत चूक का ठरते? प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

'बनगरवाडी' ही औंध संस्थानातील धनगरवस्तीवर नेमणूक झालेल्या तरुण मास्तराची कथा आहे. मास्तराचे निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत असून कारभारी व इतर धनगर बोलीत बोलतात. वास्तवदर्शनाच्या दृष्टीने ही विभागणी समर्थनीय आहे. परंतु तिच्यातून एक न उच्चारलेला धडाही दिला जातो. पाहणे व अर्थ लावणे हे प्रमाणभाषेचे काम आणि बोलीची जागा अवतरणचिन्हांत, असा तो धडा होय. शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या लेखननियमांतही 'असं', 'केलं' ही रूपे पात्रांच्या तोंडी चालतात. एरवी 'असे', 'केले' हीच रूपे अपेक्षित आहेत.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीने ही मर्यादा ओलांडली. तीत शेतमजूर नारबा आपली संपूर्ण कथा बोलीतच सांगतो. आत्मचिंतनाचा भार बोली पेलू शकते, हे तिने सिद्ध केले. म्हणून या दोन कादंबऱ्या वर्गात एकत्र वाचणे उपयुक्त ठरेल.

मात्र केवळ बोलीचा गौरव पुरेसा नाही. अर्ज, अहवाल, स्पर्धापरीक्षा यांसाठी प्रमाणभाषा आवश्यक आहे आणि ती न देणे हाही अन्यायच होय. प्रश्न अध्यापनपद्धतीचा आहे. 'म्या' हे प्राचीन मराठीतील 'म्यां' या रूपाचे वंशज आहे. 'पानी', 'लोनी' यांत 'ण'चा 'न' नियमाने होतो. 'आणि'चे 'आणी' ही मात्र केवळ लेखनातील चूक असून ती प्रमाणभाषकही करतो. तांबडी शाई या तिन्हींत भेद करीत नाही. अध्यापकाने तो केला पाहिजे. 'गोतावळा'तील उतारा प्रमाण मराठीत आणि 'बनगरवाडी'चे निवेदन स्वतःच्या बोलीत लिहावयास दिल्यास, कोठे काय बदलते व काय हरवते हे विद्यार्थी स्वतः शोधू शकेल. अन्यथा चुकण्याच्या भयाने तो वर्गात बोलणेच सोडून देतो, आणि जो बोलत नाही त्याला कोणतीच भाषा शिकविता येत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा ज्या प्राचीनतेचा गौरव आहे, तिची काही रूपे आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही जिवंत आहेत. ती खोडण्यापूर्वी निदान ओळखता येणे, ही मराठीच्या अध्यापकाकडून किमान अपेक्षा आहे.