‘सापडले नाही’ म्हणजे नव्हते काय?

जुन्या वृत्तपत्रांचे अंक ग्रंथालयांच्या संग्रहातून शोधून देणारी संगणकीय साधने आता आली आहेत, आणि त्यांचे स्वागत करण्यात आपण मागे राहण्याचे कारण नाही. परतूर-भोकरदनच्या विद्यार्थ्याने मुंबई-पुण्यास जाऊन आठ दिवस राहायचे, कुणाचे तरी शिफारसपत्र न्यायचे आणि मग जीर्ण फाइली उघडायच्या, हा खर्च पिढीजात पदवीधरांच्या घराला परवडत होता. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच पदवी आणणाऱ्याला तो परवडला नाही. म्हणून साधन नको, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप ते साधन वाचते कसे, याविषयी आहे.

पानाचे छायाचित्र घेतले जाते. त्यातील अक्षरे ओळखून सॉफ्टवेअर मजकूर तयार करते. आपण शब्द टाकला की शोध होतो तो या मजकुरात, छायाचित्रात नव्हे. अक्षर चुकीचे ओळखले गेले की पानावर छापलेला माणूस शोधातून नाहीसा होतो. शिरोरेषेने बांधलेली, जोडाक्षरांनी भरलेली, झिजलेल्या खिळ्यांनी हलक्या कागदावर छापलेली मराठी या यंत्राला जड जाते. पैशाअभावी ज्या पत्रांची छपाई मामुली राहिली, त्यांचेच शब्द अशा वाचनात अधिक गळणार, हे उघड आहे.

भाषेची अडचण याहून मोठी आहे. ‘जालना’ असे टाकले तर साधे साधन ‘जालन्यास’, ‘जालन्यात’ सोडून देते, कारण विभक्ती लागताच नावाचे रूप बदलते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे ‘नाहीं’, ‘तळें’, ‘गांव’ हे अनुस्वारही तसेच आडवे येतात. विद्यार्थी ‘दलित’ टाकतो. १९२० ते १९४० च्या पत्रांत तो शब्द क्वचित, आणि ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’, ‘अंत्यज’, ‘हरिजन’ हे पदोपदी. आपली बहुतेक नावे दुसऱ्यांनी ठेवली. शोध घेणाऱ्याला ती सगळी, जिभेला कडू लागणारीसुद्धा, टंकावी लागतात.

जिल्ह्याचेही तेच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. त्या दिवसांसाठी कुणी ‘जालना जिल्हा’ शोधील तर हाती काही लागायचे नाही, कारण हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. अंबड, भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. हे साधनाला कुणी शिकवलेले नसते, आणि दुर्दैवाने आमच्या वर्गांतूनही फारसे शिकवले जात नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नमूद केले आहे. उद्या ‘केसरी’च्या त्या वर्षीच्या अंकांत कुणी ही जाहिरात शोधली तर यंत्र प्रामाणिकपणे शून्य दाखवील. परंतु ओळखता न आलेला शब्द, न छापलेला शब्द आणि छापू न दिलेला शब्द ही तिन्ही यंत्राच्या लेखी एकच शून्य! जपलाच न गेलेला कागद हा चौथा प्रकार. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ रोजी भल्या पहाटे पाडला गेला, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. प्रस्थापित संशोधक मात्र शून्यावर बोट ठेवून ‘पुरावा नाही’ असे लिहितात, आणि आता त्या वाक्याला संगणकाची साक्ष मिळते. पूर्वी निदान ग्रंथपालाशी वाद घालता येत असे.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ पासून वृत्तपत्रांच्या संग्रहात एक गोष्ट केली: यंत्राने चुकीची वाचलेली ओळ कोणत्याही वाचकाला दुरुस्त करता येते, आणि ती दुरुस्ती पुढच्या शोधात धरली जाते. मराठी पत्रांचे संग्रह चालवणाऱ्यांकडे आपण हीच मागणी केली पाहिजे. यंत्राने तयार केलेला मजकूर झाकून ठेवू नका, छायाचित्राशेजारी दाखवा, आणि तो सुधारण्याचा हक्क वाचकाला द्या. कोणते अंक संग्रहात नाहीत याची यादीही पहिल्याच पानावर लावा.

आपल्या बाजूचे काम त्यासाठी थांबवण्याची गरज नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने काढले आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यातील एकेक अंक वाटून द्यावा आणि गावांची, जातींची, सभांची, तक्रारींची नावे त्या काळच्या लेखनानुसार, सर्व विभक्तिरूपांसह वहीत उतरवून घ्यावीत. सुरुवात ‘चवदार तळें’पासून करावी, ‘तळ्यावर’, ‘तळ्याचें’, ‘तळ्याकाठीं’ धरून एका पानाची यादी सहज होते.