शब्दाचे वय आणि वस्तूचे वय : मराठीतील उड्डाणविषयक शब्दसंपदेची समीक्षा

प्रस्तावना

विमान, अग्निबाण, क्षेपणास्त्र, उपग्रह, अंतराळवीर, विमानतळ, धावपट्टी हे शब्द आज मराठी वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी आढळतात. त्यांचे क्षेत्र एक असले तरी कुळे भिन्न आहेत. काही शब्द पुराणकथांतून आले, काही सैन्याच्या छावणीतून, काही रोजच्या बोलीतून, तर काही परिभाषा समित्यांच्या बैठकांतून. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यावर परिभाषा कोशांच्या कार्यास शासकीय आधार मिळाला आणि मराठी विश्वकोशाने वैज्ञानिक विषयांवर प्रत्यक्ष मराठीत लिहून दाखविले. तथापि या शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘संस्कृतनिष्ठ की सुलभ’ या एकाच वादाभोवती फिरत राहिली.

प्रस्तुत लेखात हा वाद बाजूला ठेवून एक वेगळा निकष मांडावयाचा आहे. पारिभाषिक शब्द वस्तूला नाव देतो, त्याबरोबरच तिच्याविषयी एक विधानही करतो. ती वस्तू किती जुनी, ती कशी चालते, ती चालविणारा कोण, याविषयीची समजूत शब्दातच दडलेली असते. ती समजूत वस्तुस्थितीशी जुळते काय, हा परिभाषेच्या समीक्षेतील पहिला प्रश्न असावयास हवा. उड्डाण व अग्निबाण यांच्या शब्दसंपदेत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. कारण येथे शब्दाचे वय आणि वस्तूचे वय यांची गल्लत झाल्याने इतिहासाचे आकलनच बिघडलेले आहे.

विमान : जुना शब्द, नवी वस्तू

‘विमान’ हा शब्द संस्कृतातील ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूशी निगडित आहे. मोजणे, आक्रमून जाणे या अर्थापासून निघालेल्या या शब्दाला पुढे देवांचा रथ, मजल्यांचा प्रासाद, तसेच दाक्षिणात्य मंदिरस्थापत्यातील गर्भगृहावरील उंच वास्तू असे अर्थ प्राप्त झाले. रामायणातील पुष्पक सर्वांस परिचित आहे. मराठी मनात तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या परंपरेमुळे हा शब्द आणखी खोल रुजला. त्यामुळे विसाव्या शतकात उडणारे यंत्र आले, तेव्हा मराठीला नाव शोधावे लागले नाही. हिंदीने व्यवहारात ‘हवाई जहाज’ म्हणत नव्या वाहनाला समुद्रावरील जुन्या वाहनाची उपमा दिली. मराठीने मात्र देवांचे वाहन माणसांच्या हवाली केले.

या निवडीचा लाभ उघड आहे. शब्द आटोपशीर आहे, सर्वांच्या तोंडी बसलेला आहे आणि त्यापासून वैमानिक, विमानतळ, विमानवाहू नौका असे पुढचे शब्द सहज घडतात. हानी मात्र दुसऱ्या बाजूने झाली. शब्द एकच असल्यामुळे वस्तूही एकच असली पाहिजे, असा तर्क नकळत प्रस्थापित झाला.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात आजही आदराने सांगितली जाते. तळपदे यांची विद्याजिज्ञासा नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते यंत्र उडाले हे सिद्ध करणारा, पडताळता येण्याजोगा समकालीन पुरावा अभ्यासकांसमोर आलेला नाही. याउलट राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचा काळ १२ सेकंद आणि अंतर १२० फूट असे नोंदलेले आहे व त्याचे छायाचित्रही उपलब्ध आहे. भारद्वाज ऋषींच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन भारतीय विमानविद्येवरील निबंध सादर झाला.

या दाव्यांमागे अभिमान आहे, राजकारण आहे. पण त्यांना आधार पुरविणारा एक घटक भाषिक आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘ग्रंथात विमान आहे’ हे वाक्य मराठी वाचकाला एखाद्या नोंदीसारखे वाटते. हेच वाक्य ‘ग्रंथात देवांचा आकाशगामी रथ आहे’ असे लिहिले, तर दाव्याचे बळ तत्काळ ओसरते. इंग्रजीतील ‘पायलट’ हा शब्द मुळात जहाजाला वाट दाखविणाऱ्याचा आहे. म्हणून जुनी गलबते आकाशात उडत असत, असे कोणी म्हणत नाही. शब्दाचे स्थलांतर हा वस्तूच्या अस्तित्वाचा पुरावा ठरत नाही, एवढा साधा विवेक ‘विमान’ या शब्दाच्या बाबतीत आपण हरवून बसलो.

पौराणिक शब्द वैज्ञानिक लेखनात वापरूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासुर’ या शीर्षकांत पुराणातील नावे आहेत. पण तेथे ती उपमा म्हणून येतात आणि उपमा म्हणूनच ओळखली जातात. पुराणकथांना वैज्ञानिक पुराव्याचे स्थान देण्यास नारळीकरांनी सातत्याने विरोध केला. उपमा आणि पुरावा यांतील सीमारेषा सांभाळणारी भाषा कशी असते, याचा हा मराठीतील वस्तुपाठ होय.

बाण : जुना शब्द, जुनी वस्तू

‘विमान’ या शब्दाने जे नव्हते ते असल्याचा आभास निर्माण केला, तर ‘बाण’ या शब्दात जे खरोखर होते ते आपण विसरलो. अठराव्या शतकातील युद्धांची मराठी वर्णने वाचताना तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या पंक्तीत बाण येतात. धनुष्याचा काळ सरल्यानंतरच्या या मजकुरातील बाण म्हणजे दारू भरलेली नळी असलेला, पेटवून सोडावयाचा अग्निबाण होय. आजचा वाचक तेथे तीर कल्पितो आणि पुढे जातो.

या अस्त्राचा पुढील प्रवास नोंदलेला आहे. म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे बाण वापरले. कागद किंवा बांबूच्या नळीपेक्षा लोखंडी नळी आतील वायूचा अधिक दाब सहन करते. त्यामुळे त्यांचा पल्ला वाढला. १७९२ व १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढायांत इंग्रजांनी हे बाण अनुभवले. त्यांचे नमुने इंग्लंडमध्ये नेण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी विल्यम काँग्रीव्ह यांनी त्यांवरून आपले अग्निबाण विकसित केले. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात, अमेरिकेतील वॉलप्स येथील केंद्रात टिपूच्या सैन्याचे अग्निबाण दाखविणारे चित्र पाहिल्याची आठवण नोंदविली आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून भारतातील पहिला अग्निबाण सुटला, तो ‘नाइके-अपाची’ हा अमेरिकी बनावटीचा होता. शब्द येथेच होता, वस्तूही एकेकाळी येथे होती. मध्यंतरी ज्ञानाची परंपरा तुटली.

ज्यांना प्राचीन तंत्रज्ञानाचा अभिमान हवा आहे, त्यांच्यासाठी पुराव्याने सिद्ध होणारा विषय हा आहे. परंतु पुष्पकाच्या तेजात बाणाचा धूर दिसेनासा झाला. लोकभाषेने मात्र हा अर्थ टिकविला. दिवाळीत भुईचक्र, फुलबाज्या यांच्यासोबत मुले ‘बाण’ उडवितात. कोशकारांनी ‘अग्निबाण’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा रस्त्यावर जिवंत असलेल्या शब्दाला त्यांनी केवळ एक विशेषण जोडले.

या शब्दाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला जी गती मिळावयाची ती सुटतानाच मिळते. अग्निबाण आपले इंधन सोबत नेतो, त्याच्या ज्वलनातून उत्पन्न झालेले वायू मागे फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जात राहतो. इंग्रजीतील ‘रॉकेट’ हा शब्दही सूतकताईच्या साधनाचे नाव असलेल्या इटालियन शब्दावरून आला आहे. तो आकार सांगतो, कार्यतत्त्व सांगत नाही. म्हणून वर्गात ‘अग्निबाण’ शिकविताना शब्दार्थ सांगून थांबता येत नाही. बाणाशी असलेले साम्य कोठे संपते, तेही सांगावे लागते.

क्षेपणास्त्र, रेटा आणि झोत

‘क्षेपणास्त्र’ हा घडविलेला शब्द. ‘अस्त्र’ याच शब्दात फेकण्याचा अर्थ असल्याने काटेकोरपणे पाहता येथे द्विरुक्ती आहे. व्यवहारात ‘अस्त्र’ शब्दातील तो अर्थ क्षीण झाल्यामुळे हा दोष खटकत नाही. खरी अडचण वापरात आहे. अग्निबाण हे गती देणारे साधन होय. क्षेपणास्त्र हे शस्त्र होय. उपग्रह कक्षेत नेणारे ते प्रक्षेपकयान होय. १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेणारे एसएलव्ही-३ आणि २२ मे १९८९ रोजी चाचणी झालेले ‘अग्नी’ यांत तांत्रिक नाते आहे, पण प्रयोजनाचा भेद मूलभूत आहे. या तीन शब्दांचा अदलाबदल करून वापर झाला की शांततामय संशोधन आणि शस्त्रसज्जता यांतील भेद वाचकाच्या मनात पुसला जातो.

याउलट बोलीतून आलेल्या शब्दांनी उत्तम कार्य केलेले दिसते. ‘झोत प्रचालन’ या विश्वकोशीय संज्ञेतील ‘झोत’ हा शब्द वेगाने बाहेर पडणारा प्रवाह डोळ्यांसमोर उभा करतो. अग्निबाणाच्या संदर्भात ‘रेटा’ म्हटले की बलाची दिशा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. हिंदी परिभाषेतील ‘प्रणोद’ मराठी विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो. ‘धावपट्टी’ व ‘विमानतळ’ हे शब्दही असेच. ‘तळ’ हा सैन्याच्या मुक्कामाचा शब्द विमानांच्या मुक्कामाला नेमका बसला. संस्कृत शब्द त्याज्य आहे, असा निष्कर्ष मात्र येथून काढू नये. ‘स्वनातीत’ हा शब्द ध्वनीच्या वेगापलीकडचा वेग दोन पदांत सांगतो. शब्द कोणत्या कुळातील आहे यापेक्षा तो वस्तूचे कार्य उघड करतो की झाकतो, हे महत्त्वाचे.

माणसांची नावे आणि क्रियापदांची जबाबदारी

उड्डाणक्षेत्रातील व्यक्तिवाचक शब्दही तपासण्याजोगे आहेत. ‘वैमानिक’ हा शब्द कौशल्य सांगतो. ‘अंतराळवीर’ हा शब्द शौर्य सांगतो. दीर्घ प्रशिक्षण, प्रयोग व निरीक्षण हे त्या व्यवसायाचे नित्य स्वरूप त्यात येत नाही. ‘हवाई सुंदरी’ या शब्दाने तर कळसच केला. आणीबाणीत प्रवाशांना विमानाबाहेर काढण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचारी स्त्रीची ओळख या शब्दाने तिच्या रूपापुरती ठेवली. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला होता, हे लक्षात घेता भाषा समाजाच्या किती मागे राहू शकते, याची कल्पना येते.

शब्दाने केलेले विधान केवळ नामातच असते असेही नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विमान दुर्घटनेचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही इंजिनांच्या इंधनपुरवठ्याचे स्विच एकापाठोपाठ एक ‘चालू’ स्थितीतून ‘बंद’ स्थितीत गेले, एवढेच त्यात म्हटले होते; ते कोणी वा कशामुळे, हे सांगितले नव्हते. हे मराठीत आणताना ‘बंद झाले’ म्हणावे की ‘बंद केले’? पहिल्या प्रयोगाने यंत्रातील दोष सूचित होतो, दुसऱ्याने माणसाचा हात. ‘बंद स्थितीत गेले’ ही रचना थोडी अवघड वाटली तरी अहवालाशी प्रामाणिक राहते. मृत व्यक्तींवर दोष ठेवण्याचा अथवा तो दूर करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही, याचे भान येथे क्रियापदाच्या निवडीत दिसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. जुना शब्द नव्या वस्तूस देणे हा भाषेचा स्वाभाविक व्यापार असून ‘विमान’ हा शब्द बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु तो शिकविताना त्याचा इतिहासही शिकविला गेला पाहिजे. ‘बाण’ या शब्दातील दडलेला इतिहास बाहेर काढण्यासाठी मराठी व इतिहास या विभागांनी भौतिकशास्त्र विभागासह ऐतिहासिक साधनांचे वाचन हाती घ्यावे. बहुविद्याशाखीय अभ्यासाला याहून योग्य विषय क्वचितच सापडेल. तसेच परिभाषा कोशांच्या पुढील आवृत्त्यांत केवळ प्रतिशब्द न देता त्या शब्दाने सुचविलेले साम्य कोठपर्यंत खरे आहे, याची एका ओळीची टीप द्यावी. अशी टीप ‘अग्निबाण’ या नोंदीपुढे असेल, तर विद्यार्थ्याला न्यूटनचा तिसरा नियम तेथेच भेटेल. आणि ‘विमान’ या नोंदीपुढे असेल, तर पुढच्या वेळी एखादा ग्रंथ पुरावा म्हणून समोर ठेवला गेल्यास, त्यातील विमान कोणत्या अर्थाचे आहे, हा प्रश्न तो स्वतःच विचारू शकेल.