'श्याम' ही भूमिका आणि खानदेशातील साने गुरुजी

मराठीत 'भूमिका' हा शब्द रंगभूमीवर चालतो तसा राजकारणातही चालतो. नट भूमिका करतो, ती वठवतो. पुढारी भूमिका घेतो, ती मांडतो. केलेली भूमिका पडदा पडताच संपावी आणि घेतलेली भूमिका निभावली जावी, अशी अपेक्षा या क्रियापदांच्या भेदात अनुस्यूत आहे. व्यवहारात पुष्कळदा याच्या उलट घडते. नटाची भूमिका त्याला जन्मभर सोडत नाही. पुढाऱ्याची भूमिका मात्र सभामंडपातच विरते. दोहोंचे मूळ एकच आहे. आशयापेक्षा आविर्भाव लोकांच्या अधिक लक्षात राहतो.

आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. 'सिकंदर' (१९४१) या हिंदी चित्रपटात गाजलेल्या वनमाला मराठी प्रेक्षकांच्या लेखी त्यानंतर श्यामची आईच राहिल्या. बालश्याम झालेले माधव वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक झाले, तरी त्यांची ओळख 'श्याम' येथूनच सुरू होई. निळू फुले यांच्यासारख्या राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यालाही पडद्यावरील खलपुरुषाचा शिक्का चुकला नाही. 'सामना'मध्ये (१९७४) सत्ताधीश हिंदुराव साकारणाऱ्या या नटाला जब्बार पटेल यांनी 'सिंहासन'मध्ये (१९७९) सत्तेकडे बाहेरून पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस दिला, तेव्हा तो साचा काहीसा भंगला. नटाची सुटका अशी दुसऱ्या भूमिकेने होऊ शकते.

परंतु 'श्याम' या भूमिकेत सर्वांत पक्के अडकले ते स्वतः साने गुरुजी. त्यांच्याबाबत हे अडकणे खानदेशाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. श्यामचे बालपण कोकणातील. गुरुजींचे कर्तृत्व मात्र बव्हंशी खानदेशातील. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० मध्ये ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. ग्रामीण भागातील काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी, १९३६ मध्ये फैजपूर येथे, ते राबले. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी-कामगारांत त्यांनी काम केले आणि १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. अतिवृष्टीने पिके बुडाली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. त्या वेळी मुंबई प्रांतात सत्ता त्यांच्याच पक्षाची होती, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

या कर्तृत्वाचा विसर पडण्यास मूळ पुस्तक कारण नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहावयास घेतलेल्या त्या कथनात श्याम प्रौढ आहे. आश्रमातील सहकाऱ्यांना तो रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो. म्हणजे येथे आईची आठवण कार्यकर्त्याच्या दिवसभराच्या श्रमानंतर येते. वाचकांनी आणि प्रेक्षकांनी मूल तेवढे उचलले व निवेदकाला आश्रमातच सोडून दिले.

गुरुजींचा हळवेपणा खोटा होता, असा याचा अर्थ नव्हे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी केलेले उपोषण त्याच करुणेतून आले. दोष करुणेचा नाही. तिला तिच्या कार्यापासून तोडण्याचा आहे. तशी ती तुटली की राजकारणाला सोयीची होते. खादीचा वेष, मृदू स्वर, प्रतिमेला घातलेला हार ही सारी चिन्हे कोणासही धारण करता येतात. त्यांचा अर्थ आपल्या सत्तेकडे माफी मागणाऱ्या शेतकऱ्यासोबत उभे राहण्यात होता, हे सांगावे लागत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे लोक म्हणतात. शेतसाऱ्याच्या माफीचेही सोंग आणता येत नाही. ती मिळते अथवा मिळत नाही.

दुसरी भूमिका देऊन सोडवता येईल असा नट येथे नाही. ते काम अभ्यासकालाच करावे लागेल. खानदेशातील विद्यार्थ्याने 'श्यामची आई' वाचताना अमळनेरचे ते साप्ताहिक शेजारी ठेवावे. मग रडणारा श्याम आणि मोर्चा नेणारा शिक्षक ही दोन माणसे नाहीत, हे कळेल. आणि एकाच्या नावाने दुसऱ्याला झाकणारे राजकारणही ओळखू येईल.