ज्यांनी मागितले, त्यांनीच घडविले

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी लिहिताना आपले समीक्षक बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपर ओव्यांपाशीच थांबतात. एका इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या भाषेचे असे गुणगान करावे, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच होय. परंतु या ग्रंथाचे मर्म आम्हांस अन्यत्र दिसते.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. तेथील साष्टी प्रांतातील देवळे त्यापूर्वीच, १५६७ साली, पाडली गेली होती. नवख्रिस्ती कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या पुराणांचे श्रवण वर्ज्य झाले होते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रारंभीच हे लोक पाद्रीगुरूंपाशी मागणे मागतात : जुनी पुराणे सोडविलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण द्यावे. १६१६ साली साष्टीतच छापले गेलेले हे महाकाव्य असे एका समाजाच्या भुकेतून जन्मास आले.

या मागणीची खूण ग्रंथभर उमटली आहे. कथा बायबलची, पण छंद ओवीचा. स्वर्गास शब्द ‘वैकुंठ’. निरूपण चालू असता श्रोत्यांनी शंका काढावी आणि गुरूने तिचे समाधान करावे, ही रीतही पुराणश्रवणाचीच. जे शिकवावयास आले, ते आधी ऐकावयास शिकले. श्रोत्यांच्या स्मृतीने कवीस घडविले, आणि कवीच्या शब्दांनी पुढे त्या समाजाची नवी स्मृती घडविली.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. जुन्या धर्माचे शब्द कवीने आपुलकीने घेतले. त्या शब्दांमागील श्रद्धेविषयी मात्र त्याचा सूर कठोर आहे. आजच्या ख्रिस्ती वाचकाने हे डोळसपणे वाचावे.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो नकला करणाऱ्या अनाम हातांमुळे आणि तो गाणाऱ्या कंठांमुळे. ज्यांनी मागितला, त्यांच्याच वंशजांनी तो राखला. म्हणून उपवासकाळात आपल्या कुटुंबांतून त्यातील थोड्या ओव्या तरी मोठ्याने वाचल्या जाव्यात, असे आम्हांस वाटते. ऐकणारे उरले नाहीत, तर कपाटातील देखणी आवृत्ती या पुराणास वाचवू शकणार नाही.