कोशांतील शेजारी

शालेय इंग्रजी-मराठी कोशांचें परीक्षण करतांना टीकाकार बहुधा शब्दसंख्या मोजतात, छपाईची वाखाणणी करतात आणि मोकळे होतात. आम्हांस या कोशांत निराळीच गोष्ट पाहावयाची आहे. वर्णानुक्रमानें शेजारीं येऊन बसलेल्या शब्दांचे उच्चार व अर्थ हे कोश विद्यार्थ्यास कितपत नीट सांगतात?

वर्णानुक्रम हा मोठा विलक्षण यजमान आहे. पाहुण्यांचें कुळ न विचारतां केवळ नांवाच्या अक्षरांवरून तो पंगत मांडतो. ‘कोर’ म्हणजे सैन्याचें दल आणि ‘कॉर्प्स’ म्हणजे प्रेत, हे दोघे इंग्रजी कोशांत शेजारीं. पहिल्याच्या शेवटीं एक ‘ई’ जोडला कीं दुसरा होतो. पण पहिल्यांत ‘पी’ व ‘एस’ हीं अक्षरें मुकीं, दुसऱ्यांत दोन्ही बोलकीं! ‘दो’ म्हणजे जरी. त्याच्या शेवटीं ‘टी’ लावला कीं ‘थॉट’ म्हणजे विचार. अक्षर जोडलें शेपटास आणि बदललें तोंड. वाळवंट या अर्थाचा ‘डेझर्ट’ व सोडून जाणें या अर्थाचा ‘डिझर्ट’ यांचीं अक्षरें तंतोतंत एक. मध्यें आणखी एक ‘एस’ घातला कीं जेवणानंतरचा गोड पदार्थ, आणि त्याचा उच्चार मात्र सोडून जाण्यासारखा.

मुक्या अक्षरांची थट्टा करणें सोपें आहे. पण ‘साइन’ मधला मुका ‘जी’ शेजारच्या ‘सिग्नल’ व ‘सिग्नेचर’ यांत बोलूं लागतो. येथें वर्णानुक्रमानें खरे भाऊबंदच एकत्र आणले आहेत. हें नातें एका ओळींत सांगणारा शालेय कोश आमच्या पाहण्यांत नाहीं.

इंग्रजीस हंसण्यापूर्वीं आपलें घरही पाहावें. थोडें या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ आपण एकाच रीतीनें लिहितों, बोलतों मात्र निराळे.

१८३१ सालचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश व कँडीनें १८४७ सालीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश हे मुंबई सरकारसाठीं सिद्ध झाले. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण मराठी मुलाच्या तोंडाची चिंता हा त्यांचा विषय नव्हता. आतां तोच मुख्य विषय झाला आहे. २००० सालीं महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें. बारामती तालुक्यांतील लोणी भापकर घ्या. मल्लिकार्जुनाचें मंदिर व यज्ञवराहाची मूर्ति यांमुळें हें गांव जाणत्यांस ठाऊक आहे. अशा गांवीं शिकणाऱ्या मुलाच्या कानांवर घरांत इंग्रजी पडण्याचा योग थोडाच. पुढें मुलाखतींत त्याचा एखादा शब्द ऐकून कोणी हंसलें, तर तें पोर गप्प बसतें, आणि येत असलेलेंही बोलत नाहीं. कोशकारानें निष्काळजीपणें दिलेल्या उच्चाराची किंमत ती ही.

याच बारामतीस मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. ओंठांस ओंठ न लावतां म्हणतां यावें असें ‘निरोष्ठ रामायण’ त्यांनीं रचलें. वर्ण मुखांत कोठें उमटतो याचें इतकें भान ज्या भूमींत होतें, तेथल्या मुलास इंग्रजीचे दोन निराळे ‘व’ नीट कोणी सांगूं नयेत? एकास खालचा ओंठ वरच्या दांतांस लागतो. दुसऱ्यास दोन्ही ओंठ वाटोळे होतात, दांतांचा संबंध नाहीं. पश्चिम दिशेसाठीं ‘वेस्ट’ व बंडीसाठीं ‘व्हेस्ट’ लिहून आपण हा भेद राखतों खरा. पण लगेच चाकासाठीं ‘व्हील’ लिहून तो बुडवितों, कारण त्या शब्दाच्या आरंभीं दांत लागतच नाहींत. मोबाइलवर उच्चार ऐकतां येतो, असें यावर कोणी म्हणेल. येतो, परंतु जो भेद सांगितलेला नाहीं तो कान सहसा टिपत नाहीं.

मोठी उणीव आघाताची आहे. ‘ह्यूमन’ म्हणजे मानवी व ‘ह्यूमेन’ म्हणजे दयाळू, असें कोश छापतात. पहिल्याचा जोर आरंभीं आणि दुसऱ्याचा शेवटीं, हें मात्र गाळतात. आमची सूचना अगदीं लहान आहे. जोराचें अक्षर जाड ठशांत छापावें. त्यानें कोशाचें एक पानही वाढणार नाहीं.